घरच्या घरी नैसर्गिक क्लीनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी क्लीनर बनवायचं ठरलं की बहुतेक जण आधी कृती शोधतात. माझं सांगणं एवढंच, की आधी घाण ओळखा. तेलकट थर, पाण्याचे पांढरे क्षार, गंज, साबणाचा मेण, बुरशी या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला वेगळं काहीतरी लागतं. हे एकदा कळलं की कपाटातल्या डझनभर बाटल्यांचं काम चार-पाच साध्या वस्तूंवर भागतं. पुढचे प्रश्न त्याच दृष्टीने घेतले आहेत.

सुरुवातीला काय काय आणून ठेवावं?

पांढरं व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि वनस्पती तेलापासून बनवलेला साधा, बिनवासाचा साबण. एवढ्यावर घरातली बहुतेक कामं होतात. पांढऱ्या कपड्यांचे डाग सतावत असतील तर सोडियम परकार्बोनेट आणा. ऑक्सिजन ब्लीच या नावानेही ते मिळतं. त्याशिवाय दोन स्प्रेच्या बाटल्या, मायक्रोफायबरची फडकी, एक जुना टूथब्रश आणि रबरी हातमोजे लागतील. हातमोजे टाळू नका. धुण्याचा सोडा त्वचेवरचं तेल ओढून घेतो आणि हात रखरखीत होतात.

कोणत्या घाणीला काय लावायचं, हे कसं ठरवायचं?

पाणी सुकल्यावर मागे राहतो तो पांढरा थर प्रामुख्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचा असतो. तो आम्लात विरघळतो, म्हणून तिथे व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड. गंज आणि काळवंडलेलं तांबंही आम्लालाच दाद देतं.

तेल, तूप, शेगडीभोवतीचा चिकट थर आणि हातांचा मळ आम्लाला बधत नाहीत. त्यांना साबण किंवा अल्कली लागते, म्हणजे सोडा. अल्कली तेलाच्या काही भागाचा तिथल्या तिथे साबण करते, म्हणून गरम पाण्यातल्या धुण्याच्या सोड्याने चिकटपणा सुटतो. साबणाचं काम वेगळं आहे. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेल पाण्याबरोबर वाहून जातं.

भांड्याच्या तळाला करपून बसलेलं काही असेल तर घासावं लागतं. त्यासाठी खाण्याचा सोडा चांगला. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो अडीचच्या आसपास येतो आणि काच साडेपाचच्या, म्हणून काचेवर सहसा ओरखडे पडत नाहीत. मऊ प्लास्टिक, ॲक्रिलिक आणि आरशासारखं पॉलिश केलेल्या धातूवर मात्र तो घासू नये.

रक्त, घाम, दूध यांचे डाग प्रथिनांचे असतात. त्यांना आधी थंड पाणी लावायचं. गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्यात घट्ट बसतो.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केला की केवढा फेस येतो. म्हणजे ते सर्वात जोरदार क्लीनर ना?

नाही, आणि घरगुती क्लीनरबद्दल सर्वात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. फसफसून वर येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्याने ना क्षार सुटतात, ना तेल.

हिशोब करून बघा. पाच टक्के व्हिनेगरच्या १०० मिलीमध्ये साधारण ५ ग्रॅम आम्ल असतं. ते पूर्ण संपवायला ७ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो, म्हणजे जेमतेम दीड लहान चमचा. बरोबर या प्रमाणात दोन्ही बाटलीत भरून ठेवलं तर तुम्ही खारट पाणी साठवलेलं असतं. प्रमाण कमी-जास्त असेल तर जे जास्त पडलं तेच थोडंफार काम करतं, आणि ते एकटं वापरलं असतं तर जास्त चांगलं चाललं असतं. शिवाय झाकण घट्ट लावलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

दोन्ही वापरायचेच असतील तर एकापाठोपाठ वापरा. सोड्याने घासा, धुवा, मग क्षारांसाठी व्हिनेगर लावा.

व्हिनेगर आणि द्रव साबण मिसळून एकच सर्वगुणी स्प्रे करता येईल का?

खऱ्या साबणाच्या बाबतीत नाही. तेल आणि अल्कलीपासून बनलेल्या साबणात आम्ल पडलं की तो फुटतो, त्यातली मेदाम्लं सुटी होतात आणि दुधाळ, चिकट गुठळ्या तरंगायला लागतात. त्या पृष्ठभागावर नवा थर देतात. भांड्यांची आजकालची द्रव साबणं बहुधा कृत्रिम डिटर्जंटची असतात आणि ती आम्लात टिकतात. म्हणून कुणाच्या कृतीत हे मिश्रण जमतं आणि कुणाच्या नासतं. कमी चमच्यांत एकदा मिसळून पाहिलं की लगेच कळतं.

नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मानायचं का?

असं मानू नका, अशी कळकळीची विनंती. लिंबाचा रस नैसर्गिक आहे आणि तो संगमरवराची चमक कायमची घालवतो. टी ट्री तेल झाडाच्या पानांतूनच निघतं आणि मांजरीच्या शरीरात गेलं तर तिला विषबाधा होते. घरी क्लीनर बनवण्याचा खरा फायदा असा, की बाटलीत काय आहे आणि किती आहे ते तुम्हाला पक्कं माहीत असतं. अनावश्यक सुगंध आणि रंग टळतात, आणि गरज तेवढीच तीव्रता ठेवता येते.

कोणत्या गोष्टी कधीच एकत्र करायच्या नाहीत?

या उत्तरावर जरा थांबा. पुढची चारही मिश्रणं घरात सहज होऊ शकणारी आहेत.

ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) आणि कुठलंही आम्ल. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक ॲसिड, आम्लाचा टॉयलेट क्लीनर, काहीही असो, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रजवळ शस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये त्याची थोडी मात्राही फुप्फुसांना इजा करते. काल ब्लीच टाकलेल्या आणि नीट न धुतलेल्या भांड्यात आज सायट्रिक ॲसिड टाकलं तरी तेच होतं.

ब्लीच आणि अमोनिया. यातून क्लोरामाइन वायू तयार होतात. लघवीतही अमोनिया असतो, म्हणून पाळीव प्राण्याने घाण केलेली जागा थेट ब्लीचने पुसू नये. आधी साबणाच्या पाण्याने धुवावी.

ब्लीच आणि अल्कोहोल. यातून क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं बनू शकतात.

हायड्रोजन परॉक्साइड आणि व्हिनेगर एकाच बाटलीत. यातून परॲसिटिक आम्ल बनतं, ते डोळे, त्वचा आणि श्वासनलिका जाळतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिडचा नियमित वापर सुरू झाला, तिथे ब्लीचची बाटली वेगळ्या कपाटात, वेगळ्या उंचीवर असावी.

रोजच्या पुसापुशीसाठी सर्वात सोपी कृती कोणती?

अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि एक लहान चमचा द्रव साबण. आधी पाणी, मग साबण, म्हणजे बाटलीभर फेस होत नाही. फवारा, मिनिटभर थांबा, ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. ओटा, टेबल, फ्रिजचे दरवाजे, स्विचभोवतीचे डाग, सगळ्याला हेच चालतं. स्विच पुसताना मात्र फडक्यावर फवारायचं, भिंतीवर नाही.

साबण जास्त घालण्याचा मोह होतो, पण जास्त साबण म्हणजे पुसल्यावर राहणारा चिकट थर, आणि त्यावर धूळ आणखी पटकन बसते.

शेगडी आणि चिमणीच्या जाळीवरचा जुनाट तेलकट थर कशाने जाईल?

एक लिटर खूप गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. जाळी स्टीलची असेल तर त्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि ब्रशने घासा. थर फारच जुना असेल तर पाणी बदलून पुन्हा करा. गार झालेल्या सोड्याच्या पाण्यात तासन् तास ठेवण्यापेक्षा गरम पाण्यात दोनदा बुडवणं जास्त परिणामकारक असतं, कारण उष्णतेने तेल पातळ होतं आणि अल्कलीचं कामही वेगाने होतं.

जाळी ॲल्युमिनियमची आहे का, हे आधी तपासा. बऱ्याच चिमण्यांच्या जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करतो आणि ते काळं, खडबडीत होतं. अशा जाळीला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण एवढंच.

ओव्हनच्या आतल्या भागासाठी खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, तापणाऱ्या कॉइल सोडून बाकी ठिकाणी लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्याने काढा.

धुण्याचा सोडा मिळत नाही. घरी बनवता येतो का?

येतो. खाण्याचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरा आणि २०० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, मधेमधे हलवा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा उरतो. वजन साधारण ३७ टक्क्यांनी घटतं, म्हणजे १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होतात. काम पूर्ण झालं की नाही, हे वजन करूनच कळतं. ट्रे ॲल्युमिनियमचा नको. तयार पावडर खाण्याच्या सोड्यासारखीच दिसते, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि तो डबा स्वयंपाकघराबाहेर ठेवा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर असतो, याचा अकराच्या आसपास. हा सोडा चुकूनही पोटात जाता कामा नये.

नळ, शॉवर आणि किटलीतले पांढरे क्षार?

नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळा, अर्धा-एक तास ठेवा, टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा. शॉवरचं तोंड निघत असेल तर काढून व्हिनेगरच्या भांड्यात ठेवा. निघत नसेल तर व्हिनेगर भरलेली पिशवी रबरबँडने बांधा. क्रोमचा मुलामा असलेले नळ रात्रभर आम्लात ठेवू नका. सोनेरी किंवा काळ्या रंगाच्या फिनिशवर आम्ल लावूच नये.

किटलीसाठी मला व्हिनेगरपेक्षा सायट्रिक ॲसिड जास्त पटतं. त्याला वास नाही आणि ते मोजून घेता येतं. एक लिटर कोमट ते गरम पाण्यात एक मोठा चमचा घाला, अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा धुवा, मग एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. सायट्रिक ॲसिड घातलेलं पाणी उकळायचं मात्र नाही. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे उकळल्यावर नवाच पांढरा थर बसू शकतो.

व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिड कुठे लावायचं नाही?

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि त्यांचे तुकडे घालून केलेली फरशी कॅल्शियम कार्बोनेटची असते. नळावरचा क्षारही त्याचाच असतो. जे आम्ल नळावरचा क्षार खातं ते फरशीही खातं, आणि तिथे पडलेला फिका डाग पुसून जात नाही, दगड पुन्हा पॉलिश करावा लागतो. फरशांच्या सांध्यांमधलं सिमेंटही आम्लाने हळूहळू झिजतं.

बिडाची भांडी, ॲल्युमिनियम, मेणाचं पॉलिश केलेलं लाकूड, मोती, मोबाइल आणि टीव्हीचे पडदे, चष्म्याच्या लेपित काचा यांनाही आम्ल नको. वॉशिंग मशीनमध्ये दर धुलाईला व्हिनेगर ओतण्याची सवय चांगली नाही. सततच्या आम्लाने रबरी भाग कडक होत जातात.

टॉयलेटसाठी घरगुती उपाय खरंच पुरेसा असतो का?

पुरतो. भांड्यातला पिवळट कडक थर हा मुख्यतः क्षारांचा असतो, म्हणून तिथेही आम्लच. रात्री तीन-चार मोठे चमचे सायट्रिक ॲसिड पाण्याच्या रेषेभोवती टाका आणि सकाळी ब्रशने घासा. थर पाण्याच्या वर असेल तर टिश्यू पेपर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून तिथे चिकटवून ठेवा, म्हणजे द्रव ओघळून जात नाही. टाकीत ब्लीचची वडी टाकलेली असेल तर यातलं काहीही करू नका. आधी वडी काढा आणि बऱ्याच वेळा फ्लश करा.

काचा पुसल्यावर रेषा राहतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा द्रावण चुकत नाही, फडकं चुकतं. फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुतलेल्या फडक्यावर मेणचट थर असतो आणि तोच काचेवर उतरतो. काचेची फडकी वेगळी ठेवा, सॉफ्टनरशिवाय धुवा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलं की पुरे. ऊन थेट पडत असताना काच पुसू नका, द्रावण पुसण्याआधीच सुकतं.

रिठ्याचं पाणी क्लीनर म्हणून चालतं का? कसं करायचं?

चालतं, आणि साबणाला तो उत्तम पर्याय आहे. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची संयुगं असतात, ती साबणासारखीच तेलाला पाण्यात ओढतात. बी काढून टाका, दहा-बारा टरफलं अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, कुस्करा आणि गाळा. तपकिरी, फेसाळ पाणी मिळतं.

या पाण्याने रेशीम आणि लोकर धुता येते, कारण ते सोड्यासारखं तीव्र अल्कली नाही. दागिने, फरशी आणि भांडी यांनाही ते चालतं. शिवाय जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाचा मेण बनतो, तसा रिठ्याचा बनत नाही. पांढऱ्या कपड्यांवर जपून वापरा, पिवळी झाक येऊ शकते. डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं.

टिकण्याच्या बाबतीत हे पाणी कच्चं आहे. बाहेर दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. जास्त केलं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तशी एक-एक वडी काढा.

फळांच्या सालींचं बायोएन्झाइम करावं का?

हौस आणि धीर असेल तर जरूर करा. प्रचलित प्रमाण असं: एक भाग गूळ किंवा साखर, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि दहा भाग पाणी. प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या, वरचा पाव भाग मोकळा सोडा आणि तीन महिने ठेवा. काचेची बरणी नको. पहिल्या महिन्यात आंबताना भरपूर वायू सुटतो आणि तो कोंडला तर काच फुटते. तेव्हा रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. साली पाण्याखाली राहिल्या तर बुरशी कमी धरते.

तीन महिन्यांनी गाळल्यावर मिळतो तो मुख्यतः सौम्य आम्लाचा द्रव, आंबवण्यातून आलेल्या ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्लाचा. पाण्यात एकास दहा मिसळून फरशी किंवा सिंक पुसायला तो छान आहे, आणि साली कचऱ्यात जात नाहीत हा मोठाच फायदा. पण त्याच्याबद्दल केले जाणारे मोठमोठे दावे सोडून द्या. तो जंतुनाशक नाही आणि जादूचं पाणीही नाही. आम्ल असल्यामुळे संगमरवराचा नियम त्यालाही लागू आहे. त्यात उरलेली साखर असू शकते, म्हणून नीट पुसलं नाही तर मुंग्या येतात.

तीन महिने थांबायचं नसेल तर सुकवलेल्या साली व्हिनेगरमध्ये दोन आठवडे बुडवून ठेवा. सालीतलं लिमोनिन हे तेल चिकटपणा आणि स्टिकरचा गोंद सोडवायला मदत करतं. लिमोनिन हवेत जुनं झालं की काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते, म्हणून थोडं-थोडंच करा.

घरगुती क्लीनरने जंतू मरतात का?

स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. साबण-पाण्याने घासल्यावर बहुतेक जंतू घाणीबरोबर निघून वाहून जातात, आणि रोजच्या घरासाठी ते पुरेसं असतं. व्हिनेगर काही जिवाणूंना मारतं, पण त्याच्यावर जंतुनाशक म्हणून विसंबून राहू नये. सोडा तर जंतुनाशक नाहीच.

घरात कुणाला उलट्या-जुलाबाचा आजार झाला असेल किंवा कच्च्या मांसाचं पाणी ओट्यावर सांडलं असेल, तर खरं जंतुनाशक वापरा. ३ टक्के हायड्रोजन परॉक्साइड हा चांगला पर्याय आहे. वापरून झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. ते पृष्ठभागावर दहा मिनिटं ओलं राहू द्या. ते मूळच्या गडद बाटलीतच ठेवा, उजेडात ते निकामी होतं. अल्कोहोल वापरायचं तर ७० टक्क्यांच्या आसपासचं घ्या. त्याहून तीव्र अल्कोहोल पटकन उडून जातं, आणि जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. शेगडी चालू असताना ते जवळ नको.

उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस मात्र अल्कोहोलला सहसा बधत नाही, तिथे ब्लीच लागतं. इतर जागांसाठी ५ टक्के ब्लीच असेल तर २० मिली एक लिटर थंड पाण्यात, म्हणजे सुमारे ०.१ टक्के. उलटी किंवा जुलाब सांडलेल्या जागी हे द्रावण बरंच तीव्र हवं, लिटरला १०० मिलीपर्यंत, म्हणजे सुमारे ०.५ टक्के, आणि ते पाच मिनिटं ओलं राहू द्यावं. रोज ताजं बनवायचं. कोणतंही जंतुनाशक घाणीवर काम करत नाही, म्हणून आधी साबणाने जागा धुवायची.

सुगंधासाठी तेलाचे थेंब घालू का?

गरज नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि एखाद्या फवाऱ्यात जवळजवळ निव्वळ तेल येतं. घरात मांजर, कुत्रा, तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर घालूच नका. स्वच्छ जागेला वास नसतो, आणि त्याची सवय लवकर होते.

सिंक तुंबलं आहे. सोडा आणि व्हिनेगर ओतू?

त्या फेसात तुंबलेलं ढकलण्याइतकी ताकद नसते. आधी रबरी पंपाने प्रयत्न करा, मग खालचा वाकडा पाइप सोडवून साफ करा, केसांसाठी लांब तार वापरा. तेल साचून पाणी हळू जात असेल तर गरम पाण्यातला धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. पाइप पीव्हीसीचे असतील तर उकळतं पाणी ओतू नका, ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. आधी बाजारातलं ड्रेन क्लीनर ओतलेलं असेल तर त्यावर दुसरं काहीही घालू नका.

साबण किसून कपड्यांची पावडर बनवावी का?

मशीनसाठी मी नाही म्हणेन. जड पाण्यात साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा मेण बनवतो. तो धाग्यांत आणि मशीनच्या आत साचत जातो, कपडे करडे पडतात आणि टॉवेल पाणी टिपत नाहीत. त्याऐवजी बिनवासाचं डिटर्जंट नेमक्या मापात घ्या आणि त्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. सोडा पाण्याचा जडपणा कमी करतो, डिटर्जंट कमी लागतं.

डागाळलेले पांढरे सुती कपडे ४० ते ६० अंशांच्या पाण्यात, लिटरला एक मोठा चमचा सोडियम परकार्बोनेट घालून काही तास भिजवा. पाण्यात ते हायड्रोजन परॉक्साइड आणि सोड्यात मोडतं. लोकर आणि रेशमाला ते लावू नका. भिजवलेलं परकार्बोनेट बंद बाटलीत साठवू नका, ऑक्सिजनच्या दाबाने बाटली फुटते.

बोरॅक्स नैसर्गिक खनिज आहे. वापरायला हरकत आहे का?

माझ्या घरात मी ठेवणार नाही. युरोपीय संघाच्या नियमांत ते प्रजननक्षमतेला घातक पदार्थांच्या वर्गात आहे, आणि मुलांनी गिळलं तर विषबाधा होते. त्याची बहुतेक कामं धुण्याचा सोडा करतो.

तांबं, पितळ आणि चांदी?

तांब्या-पितळेला लिंबू आणि मीठ. आम्ल ऑक्साइडचा थर सोडवतं आणि मीठ त्या कामाला वेग देतं. चोळून लगेच धुवा आणि पूर्ण कोरडं करा, नाहीतर हिरवट डाग उठतात. वॉर्निश असलेल्या शोभेच्या पितळेला हे करू नका.

चांदी काळी पडते ती सल्फाइडच्या थराने. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल ठेवा, एक लिटर गरम पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घाला, आणि चांदी फॉइलला टेकेल अशी बुडवा. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी पुन्हा चांदी होते, धातू घासून घालवावा लागत नाही. कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो, खिडकी उघडी ठेवा. खडे, मोती किंवा मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर हा प्रयोग टाळा.

भिंतीवरची बुरशी?

गुळगुळीत टाइलवर व्हिनेगर फवारून तासभर ठेवा आणि मास्क लावून घासा. रंगाच्या आत किंवा प्लास्टरमध्ये गेलेली बुरशी वरून पुसून जात नाही. पाणी कुठून झिरपतंय ते शोधून बंद केल्याशिवाय ती परत येतेच.

बनवलेलं किती दिवस टिकतं आणि कसं ठेवायचं?

व्हिनेगर-पाणी काही महिने टिकतं. साबणाचं पाणी दोन ते चार आठवड्यांत संपवा, त्यात संरक्षक द्रव्य नसतं. गढूळ झालं किंवा वास बदलला तर ओतून द्या. सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडेच साठवा आणि लागेल तेव्हा भिजवा, म्हणजे स्प्रेचं तोंडही तुंबत नाही. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत क्लीनर भरू नका. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही.

चुकून डोळ्यात किंवा पोटात गेलं तर?

डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. धुण्याचा सोडा असेल तर उशीर मुळीच नको, अल्कली डोळ्यात खोलवर जाते. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका आणि एकाला मारायला दुसरं पाजू नका. तोंड धुऊन ताबडतोब डॉक्टरांना किंवा विषबाधा केंद्राला फोन करा आणि बाटलीवरचं लेबल वाचून दाखवा. वायूचा उग्र वास आला तर भांडं उचलायला थांबू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा, आणि खोकला किंवा धाप राहिली तर दवाखाना गाठा.